रनफ्लॅट काढून साधे टायर टाकले : ११ महिने, १४ हजार किलोमीटरनंतर

गाडी जर्मन बनावटीची, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. मूळ टायर २२५/५० आर १७, चारही रनफ्लॅट. डिकीत स्टेपनी नाही, जॅक नाही. हवा गेली तरी ८० च्या वेगानं ८० किलोमीटर जाता येतं, तेवढ्यात सर्व्हिस सेंटर गाठा, असा त्यामागचा हिशोब. आम्ही राहतो रावेर तालुक्यात. या गाडीचं सर्व्हिस सेंटर अख्ख्या खान्देशात नाही.

गेल्या वर्षी श्रावणात तोरणमाळला गेलो होतो. सातपायरी घाट उतरताना डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागला. उतरून चारही टायर बघितले, एकही बसलेला दिसेना. रनफ्लॅटची बाजूची भिंत जाड रबराची असते, हवेशिवाय गाडीचं वजन तीच पेलते. दिवा नसता तर कळलंही नसतं. ४० च्या पुढे न जाता शहाद्यात आलो. पंक्चरवाल्या दादांनी टायर मशिनवर चढवला, दोनदा पान्यानं कड उचलायला बघितली आणि हात पुसत म्हणाले, "हाई काम आठे नही व्हई, दादा." त्यांचं चुकलं नव्हतं. एवढ्या ताठ कडेला वेगळ्या हाताचं मशिन लागतं. शिवाय हवा नसताना पळालेला रनफ्लॅट आतून किती भाजला ते बाहेरून दिसत नाही, म्हणून तो बदलाच असंच बहुतेक ठिकाणी सांगतात. गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोवर टाकून नाशिकला नेली. टायर स्टॉकमध्ये नव्हता. चार दिवस आणि एका टायरचे २१ हजार.

तिथंच चाकं उतरवल्यावर दिसलं की दोन मॅकव्हीलच्या (अलॉय रिंगांच्या) कडा आतल्या बाजूनं वाकल्यात. खड्डा लागला की ताठ भिंत धक्का गिळत नाही, तो सरळ रिंगवर आणि पुढं माणसाच्या कमरेवर जातो. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. ती मागच्या सीटवर दांडी घट्ट धरून बसायची, हे मला रोज दिसत होतं.

रिंग न बदलताही साधे टायर बसतात, हे आधी सांगतो, कारण इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अमेरिकेत होंडा ओडिसीच्या टूरिंग मॉडेलला २००५ पासून मिशलिनची पॅक्स पद्धत होती. त्यात टायरच्या आत रिंगवर आधाराचं कडं असतं, हवा गेली की गाडी त्यावर टेकते. ती रिंगच वेगळ्या घडणीची, साधा टायर तिच्यावर बसतच नाही. म्हणून ती मिनीव्हॅन साध्या टायरवर आणायची तर चाकांसकट सगळं बदलावं लागतं. आपल्याकडच्या जाड भिंतीच्या रनफ्लॅटला ही अडचण नाही. माझ्या रिंगाच गेल्या होत्या, म्हणून मी १६ इंची मॅकव्हील आणि २१५/६० आर १६ टायर घेतले.

हे माप मुद्दाम निवडलं. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यूची बरीच मॉडेल्स याच मापावर धावतात, त्यामुळे जळगावात कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतं. चाकाचा घेर मूळच्यापेक्षा जेमतेम सव्वा टक्का जास्त. भार पेलायचा आकडा ९४ होता, आता ९५, म्हणजे एका टायरला ६९० किलो. हा आकडा मूळच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका. वेगाचं अक्षर मात्र खाली येऊन एच झालं, २१० पर्यंतचं. मला पुरे आहे. १६ इंची रिंग ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे पैसे द्यायच्या आधी एक रिंग चढवून, हातानं फिरवून बघितलं. टायर ८,४०० ला एक.

पहिला आठवडा वाईट गेला. ९० च्या वर स्टिअरिंग थरथरायचं. दुकानात दोनदा बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. शेवटी भुसावळच्या एका जुन्या मिस्त्रींनी चाक उतरवून हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, बोट फिरवलं. रिंगचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं, मध्ये प्लास्टिकचं कडं घालायचं राहिलं होतं. चार कडी बसवली आणि थरथर त्याच दिवशी थांबली. या गाडीला नट नसून बोल्ट असतात, ते नव्या रिंगला जुळणारेच लागतात, तेही तपासून घ्या.

आता फरक. केळीच्या काट्यावर जुनं चाक २३ किलो भरलं, नवं १९. चोपडा रस्त्यावर जिथं आधी आदळआपट व्हायची तिथं आता नुसता धप आवाज येतो. आई परवा यावलपासून घरापर्यंत झोपली होती. ॲव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. कन्नड घाटात वळताना स्टिअरिंग किंचित उशिरा ऐकतं, ते मला पहिल्या दिवशीच जाणवलं आणि आजही जाणवतं.

जानेवारीत बायको एकटी धुळ्याहून येत होती. पारोळा आणि एरंडोलच्या मध्ये खिळा लागला. टायर पूर्ण बसायच्या आत दिवा लागला (टायर बदलल्यावर ती यंत्रणा मेनूतून रीसेट करावी लागते). तिनं डिकीतल्या पंपानं हवा भरली, चार किलोमीटरवरच्या टपरीवर गेली. "बसा ताई, चहा येईतो होतं," म्हणत त्यांनी वात घालून दिली. १५० रुपये, वीस मिनिटं. तोच टायर आजही चालू आहे.

मोठी किंमत जागेची. पाचवं चाक डिकीत पट्ट्यानं बांधून ठेवतो, लग्नसराईत बॅगा मांडीवर घ्याव्या लागतात. आणि रात्री सातपुड्यात टायर फाटला तर थांबून चाक बदलणं आलंच. तिथं रनफ्लॅट सरस, हे मी मान्य करतो. म्हणून घरातल्या दोघांनी अंगणात चाक बदलून बघितलं. बोल्ट काढल्यावर चाक हबवर टिकत नाही, निसटतं. एक लांब पिन लेथवाल्याकडून करून घेतली, ती आधी घालायची, चाक तिच्यावर टांगायचं, मग बोल्ट.

मे महिन्यात ४५ अंशांत हवा सकाळी, गाडी थंड असतानाच तपासायचो. दुपारी आकडा चढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नये. आत्तापर्यंत एकाही टायरला फुगा नाही. पुढच्या टायरची खाच ८ मिलिमीटरवरून साडेसहावर आली आहे. जुन्यांतले दोन धड रनफ्लॅट खळ्यात पडून आहेत, नाशिककडचं कुणी असेल तर घेऊन जावेत.