उघड्यावर हिवाळा काढणाऱ्या ट्रेलरसाठीचं सामान: काय घ्यावं, काय टाळावं

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, हिवाळाभर उघड्यावर उभा राहणार असेल, तर त्यासाठी विकल्या जाणाऱ्या सामानापैकी तीन गोष्टींवर हात आखडता घेऊ नये: प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून त्यांत भरायचं द्रव), गिझरला वळसा देणाऱ्या बायपास झडपा आणि वाफ बाहेर जाऊ देणारं कव्हर. पंपाच्या तोंडाशी बसणारं सायफन किट स्वस्तात मोठं काम करतं. ओलावा शोषणारे डबे आणि उंदीर पळवणाऱ्या वासाच्या पुड्या यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

सुरुवात अँटिफ्रीझपासून. ट्रेलरच्या पाण्याच्या वाहिन्यांसाठीचं हे द्रव बहुतेक ठिकाणी एका गॅलनच्या, म्हणजे सुमारे 3.8 लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. सर्वात जास्त खपणाऱ्या कॅनवर उणे 50 हा आकडा असतो. तो फॅरनहाइटमधला आहे, सेल्सिअसमध्ये उणे 46. या आकड्याचा अर्थ मात्र पुष्कळांना उलटा वाटतो. तिथपर्यंत द्रव पातळ राहील, असं कंपनी म्हणत नाही. तिथपर्यंत पाइप फुटणार नाही, एवढंच ती सांगते. उणे 10 ते 12 सेल्सिअसच्या आसपासच या द्रवाचा मऊ गाळ व्हायला लागतो. साधं पाणी गोठताना आकारमानाने सुमारे 9 टक्के वाढतं आणि कडक बर्फ होऊन सांधे उघडतं. हा गाळ मऊ राहतो, सरकतो, पाइपवर तसा दाब देत नाही. म्हणून थंडीत नळातून गुलाबी चुरा आला तर घाबरायचं कारण नाही. हे द्रव पाणी मिसळून वाढवायचं नसतं. वाहिनीत लिटर-दीड लिटर पाणी शिल्लक असेल तर आपण न कळत तेच करत असतो, आणि संरक्षण तिथल्या तिथे कमी होतं.

कॅन घेताना मागचं लेबल वाचा. गुलाबी रंग जवळपास सगळ्यांचाच असतो, आतला माल वेगळा असतो. स्वस्त कॅनमध्ये इथेनॉल असतं, कधी निव्वळ, कधी ग्लायकॉलमध्ये मिसळलेलं. इथेनॉल ज्वालाग्राही आहे, रबराचे वायसर कोरडे करतं आणि पाण्याला अशी चव देतं की उन्हाळ्यात कितीही धुतलं तरी ती लवकर जात नाही. कमोडच्या झडपेचं सील आणि पंपाचा पडदा दोन्ही रबराचेच, त्यामुळे निव्वळ प्रॉपिलीन ग्लायकॉलचाच कॅन घ्यावा. मोटारीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत त्याचा थेंबही जाता कामा नये.

किती लागेल? गिझर बाजूला काढला असेल तर मध्यम आकाराच्या ट्रेलरला दोन ते तीन कॅन पुरतात. गिझर बाजूला काढला नाही, तर त्याची सहा गॅलनची टाकी एकटीच सुमारे 23 लिटर पिऊन टाकते, दहा गॅलनची असेल तर 38. बायपास झडपा एका हिवाळ्यातच स्वतःची किंमत वसूल करतात, ते यामुळे. तीन झडपांच्या रचनेत गिझरकडे जाणारी थंड पाण्याची आणि गिझरमधून येणारी गरम पाण्याची, या दोन्ही झडपा बंद करायच्या आणि मधली उघडायची. गडबड नेमकी इथे होते. मधली उघडायची राहिली तर गरम नळांना काहीच येत नाही. थंड बाजूची बंद करायची राहिली तर कॅनमागून कॅन रिकामे होतात आणि नळ कोरडेच. दोन कॅन संपूनही शेवटच्या नळाला गुलाबी रंग येत नसेल, तर तिसरा उघडण्याआधी या झडपा तपासा.

गिझर रिकामा करायचा तर आधी वीज आणि गॅस बंद, पाणी पूर्ण थंड, गरम नळ उघडून दाब शून्यावर. मग खालचं बूच. सबर्बन कंपनीच्या गिझरमध्ये टाकी पोलादाची असते आणि बुचालाच अॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी, जोडलेला असतो. त्याला 1 1/16 इंचाचा सॉकेट पाना लागतो. अॅटवुड कंपनीच्या गिझरची टाकी अॅल्युमिनियमची, बूच प्लॅस्टिकचं, आणि अॅनोडची गरज नसते. हे प्लॅस्टिकचं बूच लांब दांड्याच्या पान्याने आवळू नये, आटे जातात. बूच काढल्यावरही टाकीच्या तळाशी थोडं पाणी राहतं. ते राहिलं तरी चालतं, पसरायला वर मोकळी जागा असते. त्याच वेळी तळाचा पांढरा क्षार धुण्याची लांब नळी लावून बाहेर काढावा. ही नळी स्वस्त आहे आणि दर वर्षी उपयोगी पडते.

आता द्रव आत ढकलायचं कसं. हातपंपाचं किट बाहेरच्या पाणी जोडणीला लागतं आणि दोन माणसं असतील तर काम बरं होतं. पण त्यात एक मूळची उणीव आहे. ट्रेलरच्या पंपात पाणी उलटं जाऊ नये म्हणून झडप असते, त्यामुळे बाहेरून ढकललेलं द्रव पंपाच्या डोक्यात शिरतच नाही. तिथलं पाणी तिथेच राहतं, गोठतं, आणि उन्हाळ्यात पंपाच्या कवचाला तडा दिसतो. सायफन किटमध्ये टाकी आणि पंप यांच्यामध्ये तीन तोंडांची झडप बसते, तिची आखूड नळी सरळ कॅनमध्ये सोडायची आणि पंप चालू करायचा. पंप स्वतःच द्रव ओढतो, म्हणून तोही सुरक्षित होतो. बसवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. अडचण असते ती पलंगाखालच्या कोंदट जागेत हात पोचवण्याची. दोन्हींमधून एकच घ्यायचं तर सायफन किट. पंपाच्या अलीकडे जाळीची छोटी वाटी असते, ती फिरवून काढून आधी रिकामी करा. सर्वात जास्त विसरली जाणारी जागा तीच.

त्याआधी पाण्याची मोठी टाकी आणि जमिनीकडे उतरणारे दोन्ही ड्रेन, सहसा एक लाल आणि एक निळा, पूर्ण निथळू द्यावेत. फिल्टरचं काडतूस काढून टाकावं, रिकामं भांडं परत लावावं. मग ड्रेन बंद करून पंपाजवळच्या नळापासून सुरुवात करायची: आधी थंड, मग गरम, दोन्हीकडून गडद गुलाबी येईपर्यंत. फिकट गुलाबी म्हणजे पाणी मिसळलेलं, तिथे थांबू नये. कमोडचं पाणी, न्हाणीचा शॉवर, बाहेरचा शॉवर, कपडे धुण्याचं यंत्र, बर्फाच्या यंत्राची नळी हे सगळं धरायचं. बाहेरचा शॉवर फुटला की पाणी भिंतीच्या आत मुरतं आणि कळतं तेव्हा प्लायवूड कुजलेलं असतं. शेवटी पंप बंद करून एक नळ उघडून दाब घालवा, बाहेरच्या पाणी जोडणीची जाळी काढा आणि आतली छोटी झडप बोथट काडीने दाबा. गुलाबी द्रव बाहेर आलं की तीही जागा झाली. दाब असताना ती दाबली तर तिचं रबर जागेवरून निसटतं आणि पुढे सतत गळत राहतं.

कॉम्प्रेसरची हवा मारून पाणी बाहेर काढणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: उन्हाळ्यात चव राहत नाही, धुण्याचा वेळ वाचतो. त्यासाठी लागणारं ब्लोआउट बूच, म्हणजे हवेची नळी बाहेरच्या पाणी जोडणीला लावणारा जोड, धातूचंच घ्या. प्लॅस्टिकच्या बुचाचे आटे थंडीत लवकर झिजतात. दाब 30 ते 40 पीएसआयच्या वर नेऊ नये. पाइप जास्त सोसेल, पण कमोडची झडप आणि प्लॅस्टिकचे सांधे सोसणार नाहीत. इथे दाबापेक्षा हवेचा प्रवाह महत्त्वाचा, म्हणून टायरमध्ये हवा भरणारा छोटा पंप कामाचा नाही. तो फुसफुसत राहतो आणि हवा पाण्याच्या वरून निघून जाते. हवेची टाकी असलेला कॉम्प्रेसर हवा, एका वेळी एकच नळ उघडायचा, आणि दोन नळांच्या मध्ये टाकी पुन्हा भरू द्यायची. आत वंगणाचं तेल असलेला कॉम्प्रेसर असेल तर नळीवर तेल-पाण्याचा फिल्टर लावल्याशिवाय पिण्याच्या वाहिनीत हवा सोडू नका. तरीही खोलगट वळणांत आणि पंपात थोडं पाणी उरतंच. कडक थंडीच्या प्रदेशात आमचं मत स्पष्ट आहे: आधी हवा, मग अँटिफ्रीझ. हवेने पाणी गेल्यामुळे द्रव पातळ होत नाही आणि कमीही लागतं.

हवा मारली म्हणून पी-ट्रॅप, म्हणजे सिंक आणि शॉवरखालचे पाणी धरून ठेवणारे वाकडे पाइप, सुटत नाहीत. प्रत्येक सिंकच्या आणि शॉवरच्या जाळीत पेलाभर अँटिफ्रीझ ओता, कमोडच्या भांड्यात सील बुडेल इतकं ठेवा. मैल्याची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करून, धुऊन, प्रत्येकीत लिटरभर सोडा म्हणजे सरकत्या झडपेचं सील गोठून चिकटत नाही. मैल्याची टाकी आतून धुण्यासाठी वेगळी जोडणी असेल तर ती हवेनेच साफ करावी लागते. नळांच्या वाहिनीशी तिचा संबंध नसतो, म्हणून तिच्यातलं पाणी हमखास राहून जातं.

कव्हरबद्दल एवढंच ठामपणे सांगता येईल की घट्ट बांधलेल्या ताडपत्रीपेक्षा उघडा ट्रेलर बरा. ताडपत्रीतून वाफ बाहेर जात नाही, आतल्या बाजूला दव धरतं, बुरशी चढते, आणि वाऱ्यात फडफडणारी कड रंग खरवडून काढते. थरांचं पॉलिप्रॉपिलीन पाऊस अडवतं आणि वाफ सोडतं. थंड, दमट जागी ते चांगलं, पण कडक उन्हात लवकर विरतं. ऊन जास्त असेल तर पॉलिएस्टरचं घ्या. माप घेताना मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका, टेप लावा: पुढचा जोडदांडा सोडून, मागची शिडी आणि जादा चाक धरून. बाजूला झिप असलेलं कव्हर थोडं महाग पडतं, पण मध्ये एकदा आत जाऊन पाहता येतं, आणि ते पाहणं गरजेचं आहे. कव्हर फाटतं ते पन्हाळीच्या टोकांवर आणि अँटेनाच्या कोपऱ्यावर. तिथे आधी फोमचे तुकडे बांधा. ट्रेलर धुवून पूर्ण वाळवल्याशिवाय कव्हर घालू नका, अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. पट्टे पोटाखालून ओढताना ब्रेकच्या तारांवर येऊ देऊ नका.

कव्हरच्या आधी छत पाहणं आलंच. रबरी छताच्या सांध्यांवर आपोआप सपाट पसरणारं सीलंट लागतं. डायकोरचं यासाठी सर्रास वापरलं जातं. सिलिकॉन नको: ते सुटतं, आणि नंतर त्या जागेवर दुसरं काही नीट चिकटत नाही. हे काम थंडी पडण्याआधी उरका, गार छतावर सीलंट ना पसरतं ना पकड घेतं. केसाएवढ्या भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि हिवाळा संपेपर्यंत भेगेची फट होते. ट्रेलरचा पुढचा भाग किंचित वर ठेवला तर छतावर पाणी साचत नाही.

बॅटरी सतत भारलेली ठेवणारा चांगला मेंटेनर चार्जर पैसे वसूल करून देतो. पूर्ण भारलेली लेड-अॅसिड बॅटरी उणे 50 सेल्सिअसच्याही खाली टिकते, पण उतरलेली उणे 7 च्या आसपासच गोठते आणि तिचं कवच फुटतं. गॅस गळतीचा सेन्सर काही ट्रेलरमध्ये मुख्य स्विच बंद असूनही वीज घेत राहतो, म्हणून आधी ऋण तार काढा आणि शक्य असेल तर बॅटरी घरात आणा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अर्धवट भारून ठेवावी. शून्याखाली ती चार्ज करायची नाही, त्यामुळे थंडीत बाहेर मेंटेनर लावून सोडणं तिच्यासाठी घातकच.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात थोडं काम करतात, अख्ख्या ट्रेलरला पुरत नाहीत, आणि त्यांत साचलेलं खारं पाणी सांडलं तर धातू खातं. त्यापेक्षा फ्रिजचं दार उघडं, गाद्या उभ्या, आणि टोपी असलेली छताची खिडकी बोटभर उघडी. उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते. वायर आणि पाइप जिथे तळातून आत येतात तिथे तांब्याची जाळी ठासा. पोलादी लोकर गंजून डाग पाडते. ट्रेलर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या धुराड्यावर जाळी लावली असेल तर पुढच्या वापराआधी ती काढण्याची चिठ्ठी थर्मोस्टॅटवरच चिकटवा. टायरमध्ये कडेवर छापलेल्या कमाल दाबाइतकी हवा, खाली फळ्या, चाकांना ठोकळे.

हिवाळा संपल्यावर फेस जाईपर्यंत सगळे नळ वाहते ठेवा, मग प्रत्येक 15 गॅलनला, म्हणजे सुमारे 57 लिटर पाण्याला, पाव कप साधं बिनवासाचं ब्लीच घालून ते नळांपर्यंत आणा आणि रात्रभर ठेवून धुऊन टाका. बायपास झडपा परत फिरवून गिझर भरेपर्यंत, गरम नळातून हवा न फुटता सलग धार येईपर्यंत, त्याचा विजेचा स्विच चालू करू नका. कोरड्या टाकीत हीटिंग कॉइल काही सेकंदांत जळते. अॅनोड रॉड तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा बसवूनच टाकी भरा.