कंपनीच्या ४०१के खात्याचा ३ वर्षांचा अनुभव: ॲप छान, पण मॅचचा नियम स्वतःच शोधावा लागतो

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आमचं ४०१के (पगारातून कापून निवृत्तीसाठी गुंतवायचं, कंपनीमार्फत मिळणारं खातं) ज्या प्रोव्हायडरकडे आहे त्यांचं ॲप एकदम सुटसुटीत आहे, फंड बदला, टक्केवारी बदला, २ मिनिटांत काम होतं.

तक्रार आहे ती मॅचची, म्हणजे आपण भरतो त्याच्या जोडीला कंपनी जे पैसे टाकते त्याची. २०२५ मध्ये मी पगाराचे ३० टक्के कापायला लावले, म्हटलं लवकर भरून टाकू, पैसे तेवढे जास्त दिवस मार्केटमध्ये राहतील. महिन्याला पगाराचे २ चेक, प्रत्येकी ५,००० डॉलर, त्यातले दीड हजार जायचे, त्यामुळे २३,५०० ची लिमिट (वर्षात स्वतःच्या पगारातून जास्तीत जास्त तेवढेच भरता येतात) ऑगस्टअखेरच संपली. कंपनी पगाराच्या ४ टक्के मॅच देते पण ती चेकमागे, म्हणजे माझं भरणं थांबलं की त्यांचंही थांबलं. सप्टेंबरच्या पे-स्लिपवर एम्प्लॉयर मॅचसमोर शून्य बघितलं आणि काळजात धस्स झालं. ८ चेक गुणिले २००, सरळ १,६०० डॉलरवर पाणी सोडावं लागलं. काही कंपन्या वर्ष संपल्यावर हिशोब करून राहिलेला मॅच देतात, त्याला ट्रू-अप म्हणतात, आमच्या प्लॅनमध्ये तो नाहीये. समरी प्लॅन डिस्क्रिप्शनच्या (प्लॅनच्या नियमांच्या) पीडीएफमध्ये हे लिहिलेलं आहे, मान्य, पण मी ३० टक्के टाकले तेव्हा ॲपने एका ओळीत सावध करायला काय हरकत होती? कस्टमर केअरच्या बाई नीट बोलल्या, पण गेलेले पैसे काही परत आले नाहीत. यंदा लिमिट २४,५०० आहे, मी २० टक्के ठेवलेत, वर्षाचे २४,००० होतात, थोडे कमी पडले तरी चालतील पण शेवटच्या चेकपर्यंत मॅच चालू राहतो.

आता मनापासून आवडलेली गोष्ट. या प्लॅनमध्ये नेहमीची लिमिट संपल्यावर आफ्टर-टॅक्स (टॅक्स भरून झालेले) पैसे भरता येतात आणि ते लगेच रॉथमध्ये (ज्यातून निवृत्तीनंतर पैसे काढताना टॅक्स लागत नाही अशा खात्यात) वळवता येतात, ज्याला लोक मेगा बॅकडोअर म्हणतात. २०२६ ला तुमचे, कंपनीचे आणि हे आफ्टर-टॅक्स मिळून ७२,००० पर्यंत जाता येतं (५० च्या आतल्यांसाठी). कायद्यात मुभा आहे पण तुमच्या प्लॅनने दिली तरच, हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे ऑटो-कन्व्हर्जनचं एक बटण आहे, ते चालू केलं की पैसे मध्ये पडून राहत नाहीत, नाहीतर मधल्या काळात जी वाढ होते तिच्यावर कन्व्हर्जनच्या वेळी टॅक्स लागतो.

अजून एक, नोकरी सोडणाऱ्यांना ॲप सारखं आयआरएमध्ये (कंपनीशी न जोडलेल्या, स्वतःच्या निवृत्ती खात्यात) रोलओव्हर करा, म्हणजे पैसे तिकडे हलवा, म्हणून सुचवतं. माझ्या टीममधले एक जण ५६ व्या वर्षी सोडणार होते आणि ते बटण दाबायच्या बेतात होते, मी थांबवलं. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सोडली तर त्याच कंपनीच्या ४०१केमधून १० टक्के पेनल्टीशिवाय पैसे काढता येतात (इन्कम टॅक्स लागतो तो लागतोच), आयआरएमध्ये नेले की ही सवलत गेली, मग साडेएकोणसाठपर्यंत थांबा. त्यांनी फोन करून प्लॅन थोडे थोडे पैसे काढू देतो का तेही विचारलं, कारण काही प्लॅन एकरकमीच देतात. आमचा देतो.

५ पैकी ३.५ स्टार. ट्रू-अप चालू करा म्हणून मी एचआरला मेल टाकलाय, मॅच बुडालेले अजून दोघं सोबत आहेत.