वाइज-किरण योजना: संशोधनाकडे परतणाऱ्या नागपूरकर महिलांना कितपत कामाची?

लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली, घरातलं आजारपण अशा कारणांनी संशोधन सुटलेल्या महिलांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची, म्हणजे डीएसटीची, वाइज-किरण ही योजना आहे. मूळ महिला वैज्ञानिक योजना 2002-03 ची. 2014 पासून ती ‘किरण’ या नावाखाली आली. आमचं मत आधीच सांगतो. प्रयोगशाळेचं दार उघडून देण्याचं काम ही योजना चोख करते. आत टिकणं मात्र संस्थेच्या हातात असतं, म्हणून प्रपोजल लिहायला बसण्याआधी संस्था पारखून घ्या.

सर्वात मोठी जमेची बाजू वयाची. योजनेतल्या वाइज-पीएचडी या पीएचडीसाठीच्या फेलोशिपला (संशोधनासाठीचं मानधन) 27 ते 45 आणि पीएचडीनंतरच्या वाइज-पीडीएफला 27 ते 60 अशी वयोमर्यादा आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, जेआरएफ या कनिष्ठ संशोधक फेलोशिपमध्ये महिलांची पाच वर्षांची सवलत धरूनही दार 35 व्या वर्षी बंद होतं. धाकटं मूल शाळेत जायला लागेपर्यंत ते वय कधीच उलटून गेलेलं असतं. कायम नोकरीत असलेल्यांसाठी मात्र ही योजना नाही.

संस्थांच्या बाबतीत नागपूर खरंच श्रीमंत आहे. पाणी, हवा, घनकचरा हा विषय असेल तर नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था, कापसासाठी वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, मातीसाठी अमरावती रोडवरचा मृदा सर्वेक्षण ब्युरो, धातुशास्त्रासाठी वाडीचं अॅल्युमिनियम संशोधन केंद्र. शिवाय व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विद्यापीठाचे विभाग आहेतच. यातल्या काही संस्था शहराच्या टोकाला आहेत. मुलाची शाळा, घर आणि प्रयोगशाळा यांतलं अंतर हिशेबात घ्या. संध्याकाळी सहाला संपणारा प्रयोग आणि पाचला बंद होणारं पाळणाघर यांचा मेळ बसत नाही.

होस्ट इन्स्टिट्यूटचं, म्हणजे जिथे काम करणार त्या संस्थेचं, संमतीपत्र मागायला जाल तेव्हा काही गोष्टी तिथेच विचारा. पहिली, गाईडची निवृत्ती कधी आहे. पीएचडीला पाच वर्षं लागणार आणि गाईड तीन वर्षांत निवृत्त होणार असेल, तर सहमार्गदर्शकाचं नाव सुरुवातीपासूनच कागदावर हवं. दुसरी, पीएचडीची नोंदणी कुठे होणार. नीरीसारख्या सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) प्रयोगशाळेत एसीएसआयआर या तिच्याच अकादमीतून पीएचडी करण्याचा पर्याय असतो, नाहीतर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोंदणी आणि फेलोशिप यांच्या तारखा जुळल्या नाहीत तर हातातले महिने फुकट जातात.

तिसरी गोष्ट पाळणाघराची, आणि नेमकी हीच विचारायला बायका संकोचतात. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली; हीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ‘फेलो म्हणजे कर्मचारी नव्हे’ असं सांगून अडवलं जाऊ शकतं. म्हणून होकार तोंडी न घेता ईमेलवर घ्या. त्याच ईमेलमध्ये लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं मागा. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची असते. समिती कोण हे शोधण्यातच ती संपू नये.

आता पैसा. अनुदान तुमच्या खात्यात जमा होत नाही, ते संस्थेकडे येतं, हप्त्याहप्त्याने. पुढचा हप्ता अडतो तो बहुतेक वेळा उपयोगिता प्रमाणपत्रापायी, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यापायी. सरकारी वित्तीय नियमांच्या जीएफआर 12-अ नमुन्यातलं हे प्रमाणपत्र आर्थिक वर्षाप्रमाणे, खर्चाच्या विवरणासह आणि लेखा विभागाच्या सहीने जावं लागतं. हप्ता जानेवारीत आला तरी हिशेब 31 मार्चचाच द्यायचा असतो. अशा वेळी घाईघाईने रसायनं भरून ठेवू नका. शिल्लक आणि त्यावरचं व्याज जसंच्या तसं दाखवा. मंजुरीशिवाय एका शीर्षाचे (खर्चाच्या ठरलेल्या बाबीचे) पैसे दुसऱ्या शीर्षात वळवले की आक्षेप आलाच. सर्वात उपयोगी सवय म्हणजे दर महिन्याला आपली खर्चवही अकाउंट्सच्या नोंदींशी ताडून पाहणं.

रजेचा नियम चांगला आहे, पण वापरताना चूक होते. यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमांत महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे, आणि सहा वर्षांच्या कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलतही. गाईड मोठ्या मनाने ‘जा, बघू नंतर’ म्हणतात आणि अर्ज राहून जातो. मग हजेरीत खाडे दिसतात, फेलोशिपचं बिल परत येतं. अर्ज करा आणि आदेशाची प्रत जपून ठेवा.

योजनेतली खरी उणीव शेवटच्या दिवशी जाणवते. मुदत संपल्यावर कुठेही सामावून घेण्याची हमी नाही. 2023 च्या जानेवारीत नागपूर विद्यापीठात भरलेल्या 108 व्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या मुख्य विषयातच महिला सक्षमीकरण होतं. त्याच शहरात प्रशिक्षित संशोधिका पन्नाशीला पुन्हा कंत्राटी पदांच्या जाहिराती शोधत बसणार असेल, तर ते आम्हाला पटत नाही. सहायक प्राध्यापकाच्या निवडीत संशोधनात पडलेल्या खंडाची वर्षं वजा करून शोधनिबंध मोजले, तर बराच फरक पडेल.

प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहणं शक्य नसेल तर याच योजनेतला वाइज-आयपीआर हा बौद्धिक संपदा हक्कांचा भाग पाहा. वय 25 ते 45, एक वर्षाचं पेटंटविषयक प्रशिक्षण. पेटंटविषयक प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरातच, सिव्हिल लाइन्सला आहे. पुढे पेटंट एजंटची (इतरांचे पेटंट अर्ज तयार करून दाखल करणाऱ्या व्यावसायिकाची) परीक्षा देता येते: प्रत्येक पेपरात किमान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के गुण लागतात. विज्ञानाची पदवी त्या परीक्षेला पुरते आणि काम घरून करता येतं.