कोलव्याची पुळण की दिवाडीचे बांध?

गोव्यात सायकल चालवायला पुळण (वाळूचा किनारा) निवडा की दिवाडी बेटावरचे बांध, चढ दोन्हीकडे नाही; फरक आहे तो चाकाखालच्या जमिनीचा. कोलवा-बाणावली पट्ट्यात सायकल चालते ती फक्त ओल्या, घट्ट पुळणीवर, ओहोटीच्या आधी-नंतर दीड-दोन तास. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच निघा. 2.2 इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर 20-22 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा पुरे. मऊ वाळूत पुढचं चाक रुतायला लागलं तर हँडल ओढू नका; वजन मागे घ्या, हलक्या गिअरवर पेडल मारत राहा. खरी कटकट मिठाची. एका रात्रीत चेनवर तांबूस गंज चढतो. त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा (बेअरिंगवर जोराची धार नको), पुसा, तेल द्या.

दिवाडीला जुन्या गोव्याहून फेरीबोटीत सायकल घालून जाता येतं. खाजणांचे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे) बांध अरुंद, कुठे चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे), कुठे नुसत्या मातीचे. इथे 28-30 पीएसआय ठेवा, नाहीतर चिऱ्याच्या कडेवर आपटून ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. मानशीपाशी (बांधातल्या पाण्याच्या दारापाशी) उतरून सायकल ढकला. पावसाळ्यात मात्र बांध सोडून गावातले डांबरी रस्तेच धरा. शेवाळलेल्या चिऱ्यावर ब्रेक दाबला की आडवे.

नवशिक्याने आधी दिवाडीलाच जावं.