४ मिमी एसीपी शीट: दर्शनी भागासाठी कितपत भरवशाची?

जुनी असो वा नवी, इमारतीचा दर्शनी भाग सपाट आणि धारदार कडांचा दिसावा, तोही कमी वजनात, यासाठी एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) शीट चांगलीच आहे. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेले गुण मुख्यतः कोअरचे, म्हणजे आतल्या थराचे.

शीट म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पत्रे आणि मध्ये कोअर. बाहेरच्या कामासाठी प्रत्येक पत्रा ०.५ मिमी हवा. एकूण जाडी ४ मिमीच ठेवून पत्रा ०.२५ मिमीचा लावलेला मालही मिळतो. वरून पाहून काही कळत नाही. कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा किंवा सरळ शीट वजनाला टाका. १२२० × २४४० मिमीची साध्या पीई, म्हणजे प्लास्टिकच्या, कोअरची शीट साधारण १६ किलो भरते, खनिजभरित एफआर (सहज पेट न घेणाऱ्या) कोअरची २२ किलोच्या आसपास. एफआर म्हणून आलेली शीट १७ किलोची निघाली, तर गाडीतून उतरवूनच घेऊ नका.

कोअरवर तडजोड नको. पीई म्हणजे पॉलिएथिलीन, ते वितळून थेंब-थेंब पेटतं. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये आग बाहेरून वर चढली ती पीई कोअरच्या पॅनेलवरून. ७२ जण गेले. शीटमागची पोकळी चिमणीसारखी ओढते, म्हणून एफआर लावूनही प्रत्येक मजल्यावर आगरोधक अडथळा लागतोच. उंच इमारतीला ए२ श्रेणीच (जवळपास न जळणारा कोअर) बघावी.

जोडकामात चुका सर्वाधिक होतात. तापमानात ५० अंशांचा फरक पडला की २४४० मिमीची शीट जवळपास ३ मिमी वाढते. चारही बाजूंनी रिव्हेट ठोकून आवळली तर तिला जायला जागा उरत नाही. भर उन्हात पोट सुटतं आणि लोक शीटला नावं ठेवतात. एक बाजू पक्की, बाकीच्या बाजूंना लांबट भोकं, आणि दोन शीटमध्ये १२ ते १५ मिमीचा ग्रूव्ह, म्हणजे फट. त्यात आधी बॅकर रॉड (फोमची गोल दोरी), मग न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, खोली रुंदीच्या निम्मी. सिलिकॉन फक्त दोन्ही कडांना चिकटायला हवं. तळालाही चिकटलं की ताणात फाटतं आणि पाणी आत शिरतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही, ते धातू खातं. लोखंडी फ्रेम असेल तर ॲल्युमिनियमशी थेट गाठ पडू देऊ नका, मध्ये पट्टी टाका.

कोपऱ्यावर शीट मोडायची तर घडीसाठी मागून व्ही-ग्रूव्ह (व्ही आकाराची खाच) मारताना पुढचा पत्रा आणि ०.३ मिमी कोअर शिल्लक ठेवायचा. खाच पाडणारं राउटर मशीन जरा खोल गेलं की कोपऱ्यावर तडा. घडी एकदाच, उलगडून पुन्हा मोडलेला कोपरा टिकत नाही.

रंगाचं थोडक्यात: बाहेर पीव्हीडीएफ (ऊन-पावसात टिकणारा लेप), पॉलिएस्टर लेप आतल्या कामाला. मेटॅलिक शेडमध्ये संरक्षक फिल्मवरचे बाण एकाच दिशेला हवेत, नाहीतर एकाच बॅचच्या दोन शीट दोन रंगांच्या दिसतात. काम झालं की फिल्म लगेच काढा, उन्हात तिचा गोंद पत्र्यावर बसतो.

त्याच बॅचच्या दोन-तीन शीट जास्तीच्या मागवून ठेवा. पोचा आलेलं पॅनेल ठोकून सरळ होत नाही, बदलावंच लागतं, आणि नंतर आणलेल्या शीटची शेड जुळेलच असं नाही.