ब्लू यती की सॅमसन क्यू-टू-यू? आधी वरचा पंखा बघा

पॉडकास्ट किंवा स्ट्रीमसाठीचे हे दोन यूएसबी माईक. दिसायला यतीच भारी, त्यात वादच नाही. टेबलावर ठेवला की स्टुडिओ झाल्यासारखं वाटतं. पण डब्यावरचे आकडे बघून ठरवायला गेलात तर रेकॉर्डिंगचा डिजिटल दर्जा दोन्हीचा 16 बिट, 48 किलोहर्ट्झ, दोन्हीला माईकवरच हेडफोनचं भोक, म्हणजे तिथे काही हाती लागत नाही.

खरा फरक आतल्या कॅप्सूलचा, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाचा. यती कंडेन्सर प्रकारचा आहे, आत तीन कॅप्सूल, आवाज एकदम मोकळा, बारीकसा श्वाससुद्धा पकडतो, आणि गोची इथेच आहे, कारण श्वास येतो तसा पंखाही येतो, खालचा हॉर्न येतो, शेजारच्या कुकरची शिट्टी येते, आणि मे महिन्यात पंखा बंद करून तासभर बोलून दाखवा बरं! कार्डिऑइड मोडवर, म्हणजे फक्त समोरचं ऐकायच्या मोडवर ठेवला की मागचा आवाज बराच कमी होतो, पण रिकाम्या भिंतींवरून परत येणारा घुमारा तसाच राहतो.

क्यू-टू-यू डायनॅमिक प्रकारचा आहे, दिसतो ऑर्केस्ट्रातल्या गाण्याच्या माईकसारखा. कान जरा कमी तिखट, म्हणून लांबचं फारसं ऐकत नाही, पण तुमचंही लांबून ऐकत नाही. तोंडापासून चार-पाच बोटांवर हवा, फोम लावलेला, आणि किंचित तिरका म्हणजे प-फ-भ ची फुंकर थेट बसणार नाही. सोबतचा छोटा स्टँड टेबलावरच राहतो, मग वाकून बोलायचं का? बूम आर्मचा, म्हणजे माईक तोंडापर्यंत आणणाऱ्या टेबलाला लावायच्या दांडीचा, खर्च धरूनच चाला. यतीचा स्टँड दणकट आहे पण कीबोर्डची खटखट टेबलातून थेट माईकमध्ये जाते, त्यामुळे गेम स्ट्रीम करणाऱ्याला आर्म तिथेही लागणारच, आणि यती वजनदार, स्वस्तातली आर्म खाली झुकते. आणि हो, यतीच्या टोकाकडे तोंड करून बोलू नका, तो बाजूने ऐकतो, लोगो आपल्याकडे.

यती घ्यावाच असं एकाच ठिकाणी वाटतं, दोघं समोरासमोर बसून एकाच माईकवर बोलणार असाल आणि खोली शांत असेल तर, कारण त्यात दोन्ही बाजूंनी ऐकायचा मोड आहे. क्यू-टू-यू ला ती सोय नाही, आणि एका लॅपटॉपला दोन यूएसबी माईक लावून रेकॉर्ड करायचं म्हणजे डोक्याला ताप. पण क्यू-टू-यू ला मागे एक्सएलआरही आहे, म्हणजे स्टुडिओतल्या माईकची तीन पिनांची जोडणी, त्यामुळे पुढे दोन चॅनलचा इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) घेतलात की तसाच दुसरा माईक आणून जोडायचा, पहिला वाया जात नाही. यतीला फक्त यूएसबी.

एकट्याने बोलणार, खोलीत पंखा आणि खिडकी रस्त्यावर? क्यू-टू-यू घ्या, उरलेल्या पैशात आर्म.