पगाराची बोलणी करण्याआधी: अँबिशनबॉक्स, ग्लासडोअर, लेव्हल्स डॉट एफवायआय कितपत कामाचे?

एचआरचा फोन येतो आणि पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न येतात: सध्याचा सीटीसी (कंपनी वर्षभरात तुमच्यावर करते तो एकूण खर्च) किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसलं की माणूस सध्याच्या आकड्यावर तीस टक्के चढवतो आणि मोकळा होतो. मुळात पगार कमी असेल तर तो कमीपणा नव्या नोकरीतही सोबत येतो. म्हणून त्या फोनच्या आधी बाजारभाव माहीत हवा, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईतले बहुतेक जण लोकांनी भरलेले पगार दाखवणाऱ्या या तीन साइट उघडतात. तिन्ही उपयोगी आहेत, पण प्रत्येकीचा आकडा वेगळ्या तऱ्हेने वाचावा लागतो.

अँबिशनबॉक्स ही नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजची साइट. भारतीय कंपन्यांसाठी, विशेषतः मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्या, बँका आणि कारखाने यांच्यासाठी सुरुवात इथूनच करावी, कारण इथे जितक्या पदांची माहिती मिळते तितकी बाकी दोन्हींकडे मिळत नाही. चूक होते ती पानावरचा सरासरी आकडा उचलण्यात. ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या एका नावाखाली तीन वर्षांच्या अनुभवाचेही असतात आणि नऊ वर्षांचेही. आधी अनुभवाची वर्षं निवडा, मग शहर निवडा, आणि मग किती जणांनी पगार नोंदवलाय ते बघा. पाच-सात नोंदींवरून काढलेल्या सरासरीला काही वजन नसतं. नोंदी भरपूर असतील तर सरासरी सोडून द्या आणि पगाराच्या पट्ट्याचं (किमान ते कमाल) वरचं टोक बघा. आपली मागणी त्या पट्ट्याच्या वरच्या एक तृतीयांश भागात बसायला हवी.

या साइटवरची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे लोक स्वतःचा सीटीसी भरतात, आणि कुणाच्या सीटीसीत काय काय धरलंय ते दिसत नाही. समजा 18 लाखांची ऑफर आहे. त्यात 10 टक्के म्हणजे 1,80,000 व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला आणि दरमहा न मिळणारा भाग. बेसिक निम्मं, म्हणजे 9 लाख. त्यावर कंपनीचा 12 टक्के पीएफ 1,08,000 आणि 4.81 टक्के दराने ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) 43,290. विम्याचा हप्ता इथे धरलेला नाही. उरली 14,68,710 ही कपातीआधीची वर्षाची रक्कम. तिच्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 1,08,000, महाराष्ट्रातला व्यवसाय कर 2,500 आणि नव्या करप्रणालीचे 2025-26 चे टप्पे धरून सुमारे 92,600 रुपये आयकर गेला की महिन्याला हातात साधारण 1,05,500 येतात. अठराला बाराने भागून दीड लाखाचा हिशेब मांडलेला असतो, आणि पहिल्या पगाराला धक्का बसतो तो इथे.

याच 18 लाखांत कंपनी पीएफ 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 रुपये भरत असेल आणि वाचलेली रक्कम भत्त्यात देत असेल, तर हातात येतात सुमारे 1,18,700. सीटीसी तोच, महिन्याला 13,000 चा फरक. (पीएफ जास्त कापला जाणं वाईट नव्हे, ती तुमचीच बचत आहे. पण दोन ऑफरची तुलना करताना दोन्हीकडे पीएफ एकाच पद्धतीने धरा.) ग्रॅच्युइटीचंही तसंच: कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हाती येत नाही. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने ती स्वतःच्या पगारात मोजूच नये.

ग्लासडोअर 2018 पासून रिक्रूट होल्डिंग्ज या जपानी कंपनीच्या मालकीची आहे, इंडीडही तिचीच. इथे मूळ पगार आणि वरची रक्कम (बोनस वगैरे) वेगळी दाखवतात, हा अँबिशनबॉक्सपेक्षा सरळ फायदा. परदेशी कंपन्यांच्या पुण्यातल्या केंद्रांसाठी आम्ही आधी ग्लासडोअर बघायला सांगतो. सगळं वाचायला आधी स्वतःची माहिती द्यावी लागते. ती खरी द्या, कारण पुढचा माणूस त्याच आकड्यावर बोलणी करणार आहे. जुन्या नोंदी मात्र वगळा. आयटीत 2021-22 ला जे चढे पगार दिले गेले, ते धरून आज मागणी केली तर बोलणं पहिल्याच फोनवर संपू शकतं.

लेव्हल्स डॉट एफवायआय 2017 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. मूळ पगार, शेअर आणि बोनस अशी तीन खात्यांत फोड, आणि एका कंपनीतली पातळी (लेव्हल, म्हणजे पदाची श्रेणी) दुसरीत कुठे बसते त्याचा तक्ता, या दोन गोष्टींसाठी ती तिघींत सरस. पातळीचा मुद्दा लोक दुर्लक्षित करतात. एक पातळी खाली ऑफर आली असेल तर पगार पाच टक्के वाढवून घेण्यात शक्ती घालवण्यापेक्षा पातळीवरच बोलावं, कारण पगाराचा पट्टा पातळीला बांधलेला असतो. शेअरचा आकडा मात्र जपून वाचा. शेअर बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात, पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर बऱ्याच ठिकाणी काहीच मिळत नाही, आणि मिळाले की त्या दिवशीच्या किमतीवर आयकर लागतो. बाजारात नोंद नसलेल्या स्टार्टअपचे शेअर तर महिन्याच्या हिशेबात शून्य धरा. पुण्याच्या नोंदी बंगळूरु-हैदराबादच्या मानाने कमी मिळतात, आणि चाकण किंवा भोसरीतल्या प्रॉडक्शन इंजिनिअरला या साइटचा जवळपास उपयोग नाही. त्याने अँबिशनबॉक्सवर आपल्या कंपनीच्या तोडीच्या तीन-चार कंपन्या बघाव्यात आणि प्लेसमेंट कन्सल्टंटला त्या पदाचा पट्टा सरळ विचारावा.

आकडा हाती आला की तो वापरायची रीत महत्त्वाची. ‘साइटवर असं दाखवतंय’ हे एचआरला सांगू नका. ‘आमचा बँड (म्हणजे पगाराचा पट्टा) वेगळा आहे’ हे उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. आधी विचारा, ‘या पदाचा बँड काय आहे?’ उत्तर टाळलं तर एकच आकडा सांगा, तोही फिक्स्डचा, म्हणजे व्हेरिएबल सोडून ठरलेल्या पगाराचा: ‘माझी अपेक्षा फिक्स्ड 17 लाखांची आहे, व्हेरिएबल त्यावर वेगळं.’ ‘15 ते 18’ म्हटलं की समोरचा 15 च ऐकतो. आकडा सांगून झाला की थांबा. शांतता असह्य होऊन स्वतःच कमी करणारे फार असतात.

फिक्स्ड वाढत नसेल तर जॉइनिंग बोनस किंवा नोटीस बायआउट (नोटिशीचे उरलेले दिवस नव्या कंपनीने पैसे भरून सोडवणं) मागता येतो. 90 दिवसांच्या नोटिशीत समोरच्याला माणूस लवकर हवा असेल तर बायआउट सहज मिळतो. पण दीड लाखाचा एकदाच मिळणारा बोनस आणि फिक्स्डमध्ये 75,000 ची वाढ यांत निवड असेल तर फिक्स्ड घ्या: दोन वर्षांत हिशेब बरोबरीला येतो आणि पुढची प्रत्येक टक्केवारी त्या वाढलेल्या रकमेवर मिळते. शिवाय वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास बोनस परत करण्याची अट बहुतेक पत्रांत असते.

आहे त्याच कंपनीत सॅलरी करेक्शन (बाजारभावाला धरून पगारात दुरुस्ती) मागायचं असेल तर हीच माहिती अप्रेझलच्या बैठकीत काढून उपयोग नाही. एप्रिलमध्ये पगारवाढ होणाऱ्या ठिकाणी मॅनेजरचं बजेट त्याआधीच ठरलेलं असतं. जानेवारीतच बोला, आणि सोबत वर्षभरातल्या कामाच्या तीन-चार नोंदी आकड्यांसह द्या, म्हणजे त्याला त्या वरच्यांपुढे जशाच्या तशा ठेवता येतील.

नवी ऑफर असो की तुम्हाला थांबवण्यासाठी जुन्या कंपनीने दिलेली काउंटर ऑफर, फोनवर कबूल झालेली रक्कम सुधारित पत्रात आणि त्याच्या पगार-फोडीच्या तक्त्यात दिसेपर्यंत राजीनाम्याची मेल पाठवू नका, आणि पाठवलेला राजीनामा मागेही घेऊ नका.